तुम्ही घ्या आधी

फोंड्यातल्या आमच्या नेहमीच्या फार्मसीत संध्याकाळी सातच्या सुमाराला बरीच गर्दी असते. ऑफिस सुटलेली माणसं, कुर्टी-बांदोड्याकडे जाणारी बस पकडायच्या घाईतल्या बायका, कुणाला खोकल्याचं औषध कुणाला पोराचे डायपर, आणि त्यात पाऊस असला की सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी एकमेकांच्या पायांवर. मी माझं महिन्याचं प्रिस्क्रिप्शन घेऊन उभा होतो, बीपीची, शुगरची, तेच ते. शेजारी आमच्या भजनात पेटी वाजवतात ते भाई उभे. भाई माझ्या आधी आलेले, पण कोणी मागून आलं की ते अर्धं पाऊल बाजूला सरकायचे आणि म्हणायचे, "तुम्ही घ्या आधी, मला घाई नाही." मलाही तेच म्हणाले. मी माझी औषधं घेतली, पैसे दिले, सुट्ट्यासाठी थांबलो, तोवर दुकान रिकामं झालं आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, तुमका कितें जाय?" भाईंनी मागे वळून बघितलं. मी होतोच. मग एकदम घाईघाईने म्हणाले, "ईनो दी गो, लिंबाचो." आणि ते पाकीट खिशात घालून पावसातच निघून गेले, छत्री हातात असून ती न उघडता.

आता मी काही बघितलं नाही, मला काही माहीत नाही, त्यांना खरंच ईनोच हवा असेल. जळजळ कोणालाही होते. पण ते असं बाजूला सरकत राहणं, सगळ्यांना पुढे सोडणं, हे मी ओळखतो कारण मीही असाच उभा राहिलेलो आहे.

मी तर थेट म्हापशाला गेलो होतो. शुक्रवारच्या बाजाराला, म्हटलं एवढ्या गर्दीत कोण कोणाला ओळखतो, मिरच्या, केळी, चोरिसांच्या माळा, मातीची मडकी, त्या सगळ्या वासातून वाट काढत एका गल्लीतल्या फार्मसीत शिरलो. मनातल्या मनात वाक्य पाठ केलेलं. तोंड उघडणार एवढ्यात गल्ल्यावरची बाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, तुम्ही मडकईच्या अमक्याबाईंचे मावसभाऊ ना, त्यांच्या मुलीच्या लग्नात बघितलेलं मी तुम्हाला. झालं. दुखण्यावर लावायची मलमाची ट्यूब घेऊन परत आलो. नंतर एकदा डिचोलीतही तोच प्रकार, नाव निराळं नातं निराळं. गोव्यात ओळख न निघणारं दुकान शोधायचं तर माणसाने बेळगाव गाठावं, आणि तिथेही आपल्याच गावचा कोणीतरी साडीखरेदीला आलेला असतोच. आमच्या घरात त्या मलमाच्या ट्यूब इतक्या साठल्या की ही विचारायला लागली, तुमचं नक्की दुखतंय तरी काय.

गंमत म्हणजे आम्ही म्हातारे लोक न लाजता काय काय बोलतो. भजन संपलं की देवळाच्या सभामंडपात चहा येतो आणि तब्येतींचा विषय निघतो. कोण रात्री किती वेळा लघवीला उठतो हे सगळ्या मंडळाला पाठ. प्रोस्टेटच्या सोनोग्राफीत किती ग्रॅम आला, कुणाला दोन स्टेंट कुणाला तीन, बायपासची जखम शर्टाची बटणं काढून दाखवून झाली, एकाने तर मूळव्याधीच्या ऑपरेशनचं असं बारीक वर्णन केलं की माझ्या हातातली भजी खाली राहिली. आणि 2023 साली देशभरातल्या डायबिटीसचा तो मोठा सर्व्हे पेपरात आला, गोवा सगळ्या राज्यांत पहिला, 26.4 टक्के, देशाचा आकडा 11.4, तेव्हा एकजण टाळी वाजवून म्हणाला, चला कशात तरी पहिला नंबर आला आपला. सगळे हसले, सगळ्यांनी चहात साखर घालून घेतली. डायबिटीसने डोळे जातात, किडनी जाते, पायाची जखम भरत नाही, हे सगळं तिथे बोलून झालं. त्याच साखरेने आणखी एक गोष्ट जाते आणि बऱ्याचदा या सगळ्यांच्या आधी जाते, ते मात्र कोणी बोललं नाही. मीही नाही.

त्यावर जोक मात्र चालतात. पिकनिकला हुर्राक, काजूची दारू, फिरायला लागला की पांचट जोकना ऊत येतो, आणि जोक सांगणारा जितका मोठ्याने हसतो तितका त्याच्या घरी तोच प्रॉब्लेम असावा असं मला हल्ली उगाच वाटायला लागलंय. उगाच असेल.

माझा एक जुना दोस्त आहे, नाव नको, सरकारी नोकरीत बरोबर होतो. त्याचा पुतण्या तार्व्हटी, बोटीवर असतो. दर सुट्टीला येताना चॉकलेटं, परफ्यूम, व्हिस्की आणतो तसा एकदा काकासाठी हळूच निळ्या गोळ्यांची, व्हायग्राची, बाटली घेऊन आला. दोस्ताने कोणाला विचारलं नाही, वाचलं नाही. घरी फेस्ताचं जेवण झालेलं, शागुती, सोरपोतेल, वर फेणी, आणि त्या भरल्या पोटावर ती गोळी. तास झाला, काही नाही. म्हणून दुसरी घेतली. मग जो काय चेहरा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, ट्यूबलाइटभोवती सगळं निळसर दिसायला लागलं, बिचाऱ्याला वाटलं आता संपलो, आणि बायको घाबरून विचारतेय काय होतंय तर हा म्हणतो अॅसिडिटी. मला हे त्याने दोन वर्षांनी सांगितलं, गाडीत, मी ड्रायव्हिंग करत असताना, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून. आम्ही दोघं झुआरीचा पूल येईपर्यंत हसलो. आता कळतं की त्यात तसं विशेष काही नव्हतं, तेलकट जड जेवणावर ती गोळी उशिरा लागते, दारूने आणखी बिघडतं, आणि तो निळा रंग दिसणं हा त्या औषधाचा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे. पण हसण्यासारखं किती आणि नशीब किती हे मला नंतर कळलं, कारण त्याच्याच शेजारचे एक गृहस्थ हार्टसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खिशात घेऊन फिरतात, आणि दोस्ताने त्यांनाही त्या बाटलीतली एक गोळी ऑफर केली होती. त्यांनी घेतली नाही, लाजेने. या एका ठिकाणी ती लाज कामाला आली असं म्हणायचं, कारण ही दोन औषधं एकत्र पोटात गेली तर बीपी इतकं खाली येऊ शकतं की माणूस उठत नाही.

त्या निळ्या गोळीची जन्मकथा मला फार आवडते. ती मुळात या कामासाठी नव्हतीच. इंग्लंडात केंट परगण्यात सँडविच नावाचं गाव आहे, तिथे फायझर कंपनीचे लोक छातीच्या दुखण्यावर, अंजायनावर औषध शोधत होते. छातीला काही फारसा फरक पडेना, पण ट्रायलमधल्या पुरुषांनी भलताच परिणाम होतोय म्हणून सांगितलं. त्यांनी सांगितलं म्हणून कळलं! मला नेहमी वाटतं आमच्या भजनी मंडळावर ती ट्रायल घेतली असती तर जगाला आजपर्यंत पत्ता लागला नसता. सगळ्यांनी सांगितलं असतं, बरं वाटतंय, थोडी जळजळ होते. मार्च 1998 मध्ये अमेरिकेत गोळीला परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीचं मेडिसिनचं नोबेल रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला मिळालं, म्हणजे गोळी ज्या वाटेने काम करते त्याच वाटेच्या शोधाला. हार्टच्या औषधाच्या शोधात हे सापडलं यात योगायोग कमी आहे, रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या इथूनतिथून त्याच. हे मला त्या डॉक्टरणीने समजावलं, तिच्याकडे येतोच.

पण त्याआधी ते भिंतींचं सांगतो. लहानपणापासून रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर, बस स्टँडच्या मुतारीत, पावसाने अर्धे गेलेले ते पोस्टर, गेलेली ताकद परत, गुप्त सल्ला, हमखास गॅरंटी. हायवेच्या कडेला तंबू, बाटल्यांतून मुळ्या नि कसली कसली तेलं. 1954 सालचा कायदा आहे असल्या जाहिरातींवर बंदी घालणारा, सत्तर वर्षं झाली, भिंती तशाच. आता फोनवर येतात, मी एकदा कुतूहलाने एकच बघितली तर महिनाभर माझा फोन मला घोडे दाखवत होता, नातवाच्या हातात फोन द्यायची चोरी. त्यातल्या शंभर टक्के आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांत कित्येकदा तीच निळ्या गोळीतली पावडर, किती आहे ते न लिहिता, मिसळलेली सापडलेली आहे. म्हणजे सॉर्बिट्रेटवाला माणूस जडीबुटी समजून घेणार आणि. असो. 1842 पासून मेडिकल शिक्षण असलेला हा आमचा गोवा, जरा शिंक आली तर दोतोराकडे पळणारी आम्ही माणसं, आणि या एका दुखण्याला आम्ही भिंतीला विचारतो.

माझे नेहमीचे डॉक्टर चांगले आहेत, वाईट नाही म्हणत. इतकी वर्षं माझे पाय तपासले, डोळ्यांची तपासणी करून घ्यायला लावली, दर वर्षी लघवीतलं प्रोटीन. पण हे कधी विचारलं नाही त्यांनी. ते माझ्याच वयाचे, मी त्यांच्या मुलाच्या मुंजीला गेलेलो, त्यांनाही संकोच असणार. एकदा ते नव्हते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसलेली, पेडण्याकडची, माझ्या धाकट्या मुलीएवढी. फाईल उलटीपालटी केली, पायाला तो प्लॅस्टिकचा दोरा टोचून कळतंय का विचारलं आणि त्याच सुरात, वर न बघता लिहिता लिहिता, "काका, संबंधांच्या वेळी काही त्रास होतो का? शुगर असली की बऱ्याच जणांना होतो."

मी म्हटलं, नाही, ठीक आहे सगळं.

ती म्हणाली बरं, आणि पुढचं लिहायला लागली. बाहेर आलो, समोरच्या टपरीवर चहा घेतला, चहाला चव नव्हती की मलाच लागली नाही कोण जाणे, आणि कप अर्धा ठेवून परत आत गेलो. कंपाउंडरला म्हटलं माझा चष्मा राहिला. चष्मा माझ्या नाकावर होता. ती डॉक्टरीण शहाणी, तिने चष्म्याचं काही विचारलं नाही, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, सांगा.

मला वाटलेलं कसले कसले प्रश्न असतील. अगदी साधे होते हो. हळूहळू झालं की एकदम. सकाळी जाग येते तेव्हा काय स्थिती असते, कारण तेव्हा सगळं नीट असेल तर शिरा नि नसा ठीक आहेत, गोंधळ डोक्यात आहे, टेन्शनचा आहे. माझं तसं नव्हतं, हळूहळूच गेलं होतं, सकाळचंही. सिगारेट? सोडली. दारू? कधीतरी. झोप, मन उदास राहतं का, रिटायर झाल्यावर काय करता. दोन जिने चढताना धाप लागते का, छातीत भरतं का. मग सगळ्या गोळ्यांची यादी बघितली, बीपीची एखादी गोळी पण कधीकधी हे करते म्हणाली, पण स्वतःहून बंद करायची नाही हं काका, बदलायची तर मी बदलेन. प्रोस्टेटसाठी काही घेता का, कारण त्यातल्या काही गोळ्यांनीही बीपी उतरतं. आणि खिशात सॉर्बिट्रेट ठेवता का. मला एकदम दोस्ताचे शेजारी आठवले.

मग तिने कागदावर दोन रेघा ओढून दाखवलं. इथल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. बागेतल्या पाइपमध्ये क्षार साठतो तेव्हा बारीक पाइप आधी तुंबतो आणि मोठ्यातून अजून पाणी येत असतं, तसं. म्हणजे हे आधी, आणि छातीतलं दुखणं कित्येकांना त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी. म्हणून गोळी लगेच देत नाही, म्हणाली, आधी ईसीजी, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची साखर, सकाळच्या वेळी रक्त घेऊन टेस्टोस्टेरॉन, आणि पट्ट्यावर चालायची ती टेस्ट, टीएमटी. मी आपला पुरुषपणाचा काय तो शोक करत म्हापसा-डिचोली हिंडत होतो आणि ही मुलगी माझं हार्ट वाचवायला बघत होती. बरं वाटलं का? वाटलं. पण खरं सांगतो, थोडा रागही आला. म्हणजे एवढी वर्षं मी ज्याला माझ्या आतलं काहीतरी मोडलं समजत होतो, रात्र रात्र छताकडे बघत होतो, ते शेवटी प्लंबिंग? इतकं साधं निघालं म्हणून राग. आणि तितकं साधं ते नाहीच, हेही मला माहीत होतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला 40 ते 70 वयाच्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला होता, 1994 साली छापून आला, त्यात 52 टक्के पुरुषांना कमीजास्त प्रमाणात हा त्रास निघाला. तिने हा आकडा सांगितला तेव्हा मी मनात आमच्या मंडळातले मोजायला लागलो. टाळवाले, पखवाजवाला, भाई. निम्मे. निम्म्याहून जास्त असतील, आमच्याकडे साखर आहे ना.

हिच्याशी बोलणं बाकी होतं. ही वेंगुर्ल्याची, घरात तिचं बोलणं अजून तिकडचंच, तोडून टाकणारं. तिची पिशवी काढली त्याला बरीच वर्षं झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी हॉलमध्ये झोपायला लागलो, कारण काय तर मी घोरतो. मी खरंच घोरतो. पण त्यामुळे नाही हे मला माहीत होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. रिपोर्ट आले, टीएमटी ठीक निघाली, साखर मात्र भलतीच वर आणि कोलेस्टेरॉलची नवी गोळी सुरू, ते कशासाठी ते सांगताना हे पण सांगून टाकलं, ती कोकमं निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, मला वाटलं ऑपरेशननंतर मी तुम्हाला नकोशी झाले. एवढी वर्षं ही बाई हे मनात घेऊन माझे डबे भरत होती. मी काय बोलणार. मग थोड्या वेळाने म्हणाली, खरं सांगू का, थोडं बरंपण वाटलेलं, मला त्रास व्हायचा, कोरडं पडल्यासारखं, दुखायचं, पण तुम्हाला कसं सांगणार. म्हणजे दोघंही एकमेकांना वाचवत दोन खोल्यांत झोपलो होतो. आणि तिच्या त्या दुखण्यावरही साधं मलम असतं, पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांना होतं ते, डॉक्टरीण म्हणालीच होती की काकींना पण घेऊन या. तिला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मला निदान भिंतींनी तरी विचारलं होतं.

गोळीचं ऐकून हिने एकच सांगितलं. "आणायची तर आणा. पण घ्यायच्या आधी मला विचारायचं. गोळीची वेळ झाली म्हणून मी उठायचं काय?" ती गोळी तासभर आधी घ्यायची असते, मनात इच्छा असेल तरच काम करते, हे मी तिला समजावायला गेलो तर म्हणाली, तेच म्हणतेय मी. आता गोळीचं पाकीट कपाटात आहे, तिच्या बांगड्यांच्या डब्याशेजारी, कधी निघतं कधी नाही. हॉलमधला पलंग मात्र नातवाला दिला. घोरणं चालूच आहे, त्यावर ती कोपर मारते.

भाईंशी बोलायचं बरेच दिवस मनात होतं. सरळ कसं बोलणार, वयाने मोठे, मी त्यांना अहोजाहो करतो. एका रविवारी भजनानंतर पेटी उचलून त्यांच्या स्कूटरपर्यंत नेताना शुगरवर आलो, मग नव्या डॉक्टरणीवर. म्हटलं फार बारकाईने बघते, डोळे, पाय, सगळं विचारते. "सगळं?" भाईंनी विचारलं. म्हटलं, हो, सगळं, आणि तिलाच विचारायची सवय आहे, आपल्याला काढावं लागत नाही. त्यांनी पेटीचा पट्टा आवळला, मग परत सैल केला, परत आवळला. कुठे बसते म्हणाले. मी सांगितलं. पाऊस लवकर येणार यंदा, असं काहीतरी बोलून गेले. गेले की नाही मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

हिची मात्र टाळाटाळ चालू होती. आधी म्हणाली चवथ होऊन जाऊ दे, नेवऱ्या करायच्यात, माटोळी बांधायचीय, मुलगा-सून पुण्याहून येणार. चवथ झाली. मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न. मी मागे लागलो नाही. परवा माझी फाईल घेऊन बसली, चष्मा लावून सगळे रिपोर्ट वाचले, टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर बोट ठेवून हे किती हवं म्हणून विचारलं, आणि म्हणाली, "ती बाई बसते कधी?"

मंगळवारी नि गुरुवारी, मी म्हटलं.

"गुरुवारी माझा उपास. मंगळवारी जाऊया, पहिल्या बसने, नाहीतर तिथे आपल्या ओळखीचे सगळे येऊन बसतात."